पिकअपला पिकअप नाही

माझ्या पिकअपला पिकअप नाही, हे वाक्य मी पहिल्यांदा म्हणालो तेव्हा घरात सगळे हसले. पाचव्यांदा म्हणालो तेव्हा कुणीच हसलं नाही. मला तर पहिल्यांदाही हसू आलं नव्हतं. चढ लागला की गाडी तिसऱ्या गिअरमध्ये विचारात पडायची. दुसरा टाकला की आवाज विमानाचा आणि चाल हातगाडीची. मागून असा काळा धूर निघायचा की आरशात मागची गाडी दिसेनाशी व्हायची. एका अर्थी बरंच, तिच्या ड्रायव्हरचा चेहराही दिसायचा नाही. एवढं करून एव्हरेज लिटरला नऊ.

मिस्त्रीकडे गेलो. म्हटलं, गाडी पळाली पाहिजे, डिझेल कमी प्यायलं पाहिजे आणि खर्च होता कामा नये. त्याने उघडलेलं बॉनेट शांतपणे पुन्हा लावलं. "साहेब, तिसरी गोष्ट आधी सांगायची होती."

मग मी स्वतःच सुधारणा करायला घेतली. घरची सल्लागार मंडळी होतीच, त्यात मेव्हणा आघाडीवर. बायकोने फक्त एक वही सुरू केली. टाकी भरताना पंपाची नळी आपोआप बंद झाली की थांबायचं, ट्रिप मीटर शून्यावर आणायचा, पुढच्या वेळी पुन्हा तसंच भरायचं आणि जेवढे लिटर बसले त्याने किलोमीटरला भागायचं. ती हे सांगत होती तेव्हा मी मनात म्हणालो, इतकी वर्षं मी काट्याकडे बघून एव्हरेज काढतोच आहे. तिसऱ्या टाकीला कळलं, की मी काढायचो ते गाडीचं एव्हरेज नव्हतं, माझा मूड होता.

पहिला उपाय मेव्हण्याचा. त्याने दोन चुंबकं आणली आणि डिझेलच्या पाइपाला बांधायला सांगितली. म्हणाला, चुंबकामुळे डिझेलचे कण रांगेत उभे राहतात आणि मग नीट जळतात. मला हे पटायला हरकत नव्हती, मी स्वतः अनेक रांगांमध्ये जळलो आहे. वहीत मात्र चुंबकाआधी ९.१ आणि चुंबकानंतर ९.० अशी नोंद झाली. पुढे माझ्या वाचनात आलं, की अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने इंधन वाचवणारी म्हणून विकली जाणारी शंभराहून जास्त उपकरणं तपासून बघितली आणि मोजण्याजोगा फायदा जवळपास कुणाचाच दिसला नाही. ती चुंबकं आता चाक काढलं की सुटे नट धरून ठेवतात. मेव्हण्याने आणलेल्या वस्तूंपैकी कामाला लागलेली ती पहिलीच.

दुसरा शोध माझा. मागचा फाळका बंद असतो म्हणून हवा त्याच्यावर आपटते आणि गाडीला मागे ओढते, हे कुणालाही दिसतं. म्हणून एक अख्खी टाकी मी फाळका उघडा टाकून फिरलो. एक फावडं, एक दोर आणि थोडी अब्रू रस्त्यात पडली, आणि वहीत ८.८ लागले. याचं कारण समजल्यावर मी दोन दिवस तोंड लपवत होतो. फाळका बंद असला की हौद्यात हवेचा एक भोवरा गरगरत राहतो. केबिनवरून येणारा वारा त्याला उशी समजून वरून घसरत निघून जातो. फाळका उघडला की ती उशी मागे सांडते. म्हणजे गाडी बनवणाऱ्यांनी मला न विचारताही ठीक केलं होतं. हौद्यावर ताडपत्री ताणून बांधली तर आणखी थोडा फायदा होतो, पण 'ताणून' या शब्दाला महत्त्व आहे. माझी ताडपत्री ऐंशीच्या वेगाला फुगली आणि काही काळ मी पॅराशूट ओढत होतो.

मग मेव्हण्याने त्याच्या गाडीचे काढून ठेवलेले मोठे टायर दिले. फुकट होते, म्हणजे माझ्या तिसऱ्या अटीत बसत होते. मोठं चाक, एका फेरीत जास्त अंतर, म्हणजे एव्हरेज वाढणार, असा हिशोब. झालं काय, की चाक जड आणि मोठं, इंजिनाला ते फिरवायला जास्त जोर, त्यामुळे आधीच विचारी असलेली गाडी आता चिंतनात गेली. वर मीटरला काय माहीत मी चाकं बदललीत! चाकाचा व्यास पाच टक्क्यांनी वाढला, तर १०५ किलोमीटर पळाल्यावर मीटर १०० च दाखवतो. वहीत ८.३ आलं. त्यात गाडी किती बिघडली आणि मोजमाप किती बिघडलं, यावर आमच्यात एक संध्याकाळ गेली. टायर परत गेले. मेव्हणा आठवडाभर आला नाही, हा त्या प्रयोगाचा एकमेव लाभ.

उतारावर गाडी न्यूट्रल करायची सवय मला आधीपासूनच होती. फुकटात पळतेय या आनंदात मी शीळही घालायचो. नंतर समजलं, की गिअरमध्ये ठेवून अॅक्सिलरेटरवरचा पाय काढला तर चाकंच इंजिन फिरवतात आणि डिझेल जाणं बंद होतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू राहायला डिझेल लागतंच. शिवाय इंजिनाचा धाक सुटल्यामुळे सगळा भार ब्रेकवर येतो. एका उतारावर शीळ घालता घालता केबिनमध्ये करपल्याचा वास आला. मी आधी बायकोकडे बघितलं. तिने चाकाकडे बोट दाखवलं.

पुन्हा मिस्त्री. त्याने एकही अवजार घेतलं नाही. गाडीभोवती फिरला आणि प्रत्येक चाकाच्या मध्यभागी, न चिकटवता, तळहात धरला. तीन चाकांपाशी चेहरा तसाच. मागच्या उजव्या चाकापाशी हात झटकन मागे आला. जॅक लावून त्याने आधी मागचं डावं चाक हाताने फिरवलं, ते ऐटीत गरगरलं. मग उजवं. ते पाव फेरी फिरलं, आतून घसटल्याचा आवाज आला आणि थांबलं. मिस्त्रीने माझ्याकडे बघितलं. "ब्रेक धरलाय. किती दिवस?" मला आठवेना. मी चुंबकं बांधली तेव्हा ब्रेक धरलेला होता, फाळका उघडला तेव्हा धरलेला होता. मी महिनोन्महिने एका पायाने अॅक्सिलरेटर दाबत होतो आणि गाडी स्वतःच ब्रेक दाबत होती. ड्रम उघडला तर लायनर काळे पडलेले आणि हँडब्रेकची केबल गंजून अर्ध्यात अडकलेली.

आता तो रंगात आला होता. "रेस द्या," म्हणाला आणि कान इंजिनाकडे नेला. टर्बोकडून येणाऱ्या रबरी पाइपापाशी थांबला, बोटाने तो जरा वाकवला आणि मला दाखवला. खालच्या बाजूने बोटभर चीर, बारीक हसल्यासारखी. टर्बो दाबून पाठवतोय ती हवा तिथूनच स्स्स करत बाहेर. इंजिनाला हवा कमी, डिझेल तेवढंच, मग अर्धवट जळलेलं डिझेल काळा धूर होऊन मागच्या गाडीच्या तोंडावर. इतके दिवस मला वाटत होतं, आपली गाडी धूर सोडते म्हणजे मेहनत करते.

एअर फिल्टर काढून त्याने टायरवर दोनदा आपटला. एक शेत पडलं. त्यात एक पीसही होतं. कुठल्या पक्ष्याचं, यावर त्याचं आणि मदतनिसाचं एकमत झालं नाही. टायरची हवा मी कायम डोळ्यांनी तपासत आलो होतो. चाक बसलेलं दिसत नाही म्हणजे हवा आहे. दाराच्या खांबावर आकड्यांचा स्टिकर आहे हे मला तेव्हा दिसलं. त्याच्या मानाने चारही चाकांत दहा पीएसआय कमी निघाली, आणि एवढ्याने एव्हरेज साधारण दोन टक्क्यांनी घसरतं.

शेवटी त्याची नजर हौद्यात गेली. तिथे जुना दरवाजा, लोखंडी साखळी, पाण्याचा भरलेला कॅन आणि सिमेंटचं पोतं होतं. पोतं कधीतरी पावसात भिजून तसंच घट्ट झालं होतं. कागद गळून गेला होता, पण पोत्याचा आकार, शिवणीच्या सुरकुत्या, एका कोपऱ्याची मूठ, सगळं दगडात उतरलं होतं. "हे कशाला?" मी म्हटलं, मागे वजन असलं की चाकं घसरत नाहीत. हे खोटं नाही. पण ते त्या क्षणी सुचलं होतं. ५० किलो जादा वजनाला साधारण एक टक्का एव्हरेज जातं, मोठ्या गाडीला त्याहून थोडं कमी. टक्क्याचं मला एवढं लागलं नाही. वर्षभर मी एक दगड हवापालटाला फिरवत होतो, हे लागलं.

एक पाइप, एक केबल, एक जोडी लायनर, एक फिल्टर. बिल बघून मी घाबरायची तयारी केली होती, ती वाया गेली. पुढच्या टाकीला वहीत १२.४ लागले. आणि चढावर तिसऱ्या गिअरमध्ये गाडीने विचार केला नाही, ती सरळ गेली! मी एकट्याने केबिनमध्ये हॉर्न वाजवला.

इथे थांबायला हवं होतं. पण पळणारी गाडी हातात आली, की माणूस तिला पळवतो. त्यानंतरच्या टाकीला १०.६. मी फिल्टरला दोष दिला, पंपाला दिला, वाऱ्याला दिला. वाऱ्याचं थोडं खरंही होतं. वेग ८० वरून १०० वर नेला की हवेचा विरोध दीडपटीहून जास्त होतो आणि त्याला ढकलायला लागणारी ताकद जवळपास दुप्पट. साठ किलोमीटरच्या रस्त्यात यातून वाचतात नऊ मिनिटं. तेवढी मला पोचल्यावर, किती लवकर आलो हे सांगायला लागायची.

बायकोने काही न बोलता वहीत एक नवा रकाना आखला. मथळा: 'कोण चालवत होतं'. महिन्याभरात तिच्या टाक्या १३.१, १२.९, १३.०. माझ्या १०.६, १०.४ आणि एक १२.२, पण त्या वेळी रस्ता बंद होता.

हल्ली गाडी तीच चालवते. मी शेजारी बसतो. ती कधी घाईने गिअर पाडत नाही, पुढे लाल दिवा दिसला की लांबूनच पाय काढते, आणि गाडी, इतकी वर्षं माझ्याशी भांडलेली ती गाडी, मांजरासारखी घुरघुरत पळते. मागची वाहनं पुढे निघून जातात. मी काही बोलत नाही. फक्त माझ्या पायाखालच्या मॅटला उजव्या बाजूला एक गोल खळगा पडत चाललाय, जिथे अॅक्सिलरेटर असायला हवा होता बरोबर तिथे.