धडधड थांबली म्हणून गोळी थांबवू नका

‘रक्त पातळ करणारी गोळी म्हणजे उंदराचं विष. धडधड थांबली की बंद करा, रोज एक ॲस्पिरिन पुरे.’ एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाचे ठोके अनियमित पडण्याचा आजार असणाऱ्यांमध्ये हा मेसेज जोरात फिरतोय. तो ऐकून कुणी गोळी सोडली, तर एक हात, एक पाय किंवा वाचा कायमची जाऊ शकते.

उंदराचं विष? वॉरफरिन ही रक्त पातळ करणारी जुनी गोळी. ती आधी उंदरांसाठी आली, हे खरं. पण १९५४ पासून ती माणसांच्या उपचारात आहे, आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा रक्ततपासणीचा आकडा) बहुतेकांमध्ये २ ते ३ राहील असा डोस बेतला जातो. एपिक्साबॅन, डॅबिगॅट्रान या रक्त पातळ करणाऱ्या नव्या गोळ्या तर वेगळीच औषधं. कृत्रिम धातूची झडप बसवलेल्यांना मात्र आजही वॉरफरिनच लागतं.

‘धडधड थांबली की बंद करा’ हे सगळ्यात घातक, कारण ते पटतं. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये हृदयाचे वरचे कप्पे आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरतात. डाव्या कप्प्याला पिशवीसारखा एक कोपरा असतो. तिथे रक्त साचून गुठळी होते. ती सुटून मेंदूच्या धमनीत अडकली की पक्षाघात. हा धोका इतरांपेक्षा सुमारे पाचपट. मेटोप्रोलोलसारख्या गोळीने नाडीचा वेग उतरतो, धडधड जाणवत नाही, पण वरचा कप्पा थरथरतच असू शकतो. शिवाय अनेकांना हे झटके कळतही नाहीत. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘अफर्म’ अभ्यासात ठोके नियमित ठेवायचे उपचार घेणाऱ्यांनाही पक्षाघात झाले. ते आणि फक्त नाडीचा वेग आटोक्यात ठेवलेले, अशा दोन्ही गटांत बहुतेक पक्षाघात वॉरफरिन बंद केलेल्यांना किंवा आयएनआर कमी असलेल्यांना झाले होते.

ॲस्पिरिन? या आजारात वॉरफरिन पक्षाघात सुमारे दोन-तृतीयांशाने कमी करतं, ॲस्पिरिन जेमतेम एक-पंचमांशाने. २०११ च्या एका मोठ्या चाचणीत एपिक्साबॅन घेणाऱ्यांना ॲस्पिरिनवाल्यांच्या निम्म्याहून कमी पक्षाघात झाले, आणि मोठा रक्तस्राव जवळपास तेवढाच. स्टेंट असलेल्यांची ॲस्पिरिन वेगळ्या कारणासाठी असते; तीही मनाने बंद करू नका.

रक्तस्रावाची भीती मात्र खरी आहे. बीपी आटोक्यात ठेवा. अंग दुखलं म्हणून डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन परस्पर घेऊ नका. शौचाला डांबरासारखी काळी झाली, लघवीतून रक्त गेलं किंवा डोक्याला मार लागला, तर लगेच दवाखाना गाठा. दात काढायचा असेल तर गोळी कधी थांबवायची की थांबवायचीच नाही, हे आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारा: नव्या गोळ्यांचा असर, म्हणजे गुठळीपासूनचं संरक्षणही, एक-दोन दिवसांतच उतरतो.