फाइली आल्या, पण मराठी वाचता येईना: तुमच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार सर,

सोसायटीच्या जुन्या कॉम्प्युटरमधल्या आणि फ्लॉप्यांवरच्या फाइली काढून द्यायला नऊ दिवस लागले, ३,२०० रुपये घेतले, मराठी फाइली उघडल्या तर नुसती इंग्रजी अक्षरं, सव्वीसपैकी तीन फ्लॉप्या तशाच परत, आणि ‘जुनी डिस्क यूएसबीला जोडणाऱ्या सहाशेच्या केबलने तासाभरात झालं असतं’ ही तुमची तक्रार. यातली अक्षरांची चूक आमची आहे, म्हणून आधी तीच.

फाइली बिघडलेल्या नाहीत. त्या युनिकोडमध्ये (मोबाइल-कॉम्प्युटरवर सगळीकडे सारखं दिसणारं आजचं मराठी) नसून कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या आहेत. फाइलीत साठतं ते इंग्रजी अक्षर, त्याला मराठी चेहरा देतो फॉन्ट. तो नसला की ‘सभा’च्या जागी स्मॉल एल, कॅपिटल एच आणि दोन के दिसतात. हा फॉन्ट तुमच्याच डिस्कवर होता, विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमध्ये. आम्ही माय डॉक्युमेंट्स आणि डी ड्राइव्ह दिला आणि विंडोजचा फोल्डर नेहमीच्या सवयीने वगळला. देण्याआधी एक मराठी फाइल उघडून पाहिली असती तर तेव्हाच कळलं असतं.

फॉन्टची फाइल नव्या मशीनवर घ्या, राइट क्लिक करून इन्स्टॉल करा, वर्ड बंद करून परत उघडा. वाचायला, छापायला एवढं पुरतं. पण तोच मजकूर व्हॉट्सॲपवर टाकला की पुन्हा तीच गिचमिड, त्याला युनिकोडच करावं लागतं. अख्खी फाइल ऑनलाइन कन्व्हर्टरमध्ये मात्र टाकू नका. कृतिदेवमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठते आणि रफार नंतर. युनिकोडमध्ये दोन्ही उलट. जोडाक्षर आलं की साधा कन्व्हर्टर वेलांटी भलत्याच अक्षराला लावून मोकळा होतो. शिवाय मधले इंग्रजी शब्द आणि विंगची अक्षरंही तो ‘मराठी’ करतो. बी विंगची ठ विंग होते! त्यामुळे कुठल्या तुकड्याला कुठला फॉन्ट आहे ते बघूनच बदलावं लागतं, आणि माणसांची नावं शेवटी डोळ्यांनीच तपासावी लागतात.

आता केबल. डिस्क धडधाकट असेल तर तुमचं म्हणणं बरोबर आहे, ४.३ जीबीची आयडीई डिस्क (जुन्या, रुंद पट्टीच्या जोडणीची) पंधरा-वीस मिनिटांत कॉपी होते. डिस्कच्या मागची छोटी पिन-टोपी, म्हणजे जम्पर, मास्टरवर हवा (स्लेव्हवर राहिला तर बऱ्याचदा डिस्क फिरते पण दिसत नाही) आणि केबलसोबत १२ व्होल्टचा वेगळा अडॅप्टर हवा, कारण साडेतीन इंची डिस्क यूएसबीच्या करंटवर फिरत नाही. तुमच्या डिस्कवर बॅड सेक्टर, म्हणजे नीट वाचता न येणारे खराब तुकडे, होते. तिथे थेट कॉपी-पेस्ट केलं की विंडोज एकाच जागी अडून परत परत वाचत बसतं, आणि मरायला टेकलेली डिस्क त्यातच जाते. कधी ‘फॉरमॅट करायचं का’ असं विचारतं, आणि घाईत कोणीतरी ‘हो’ दाबतं. म्हणून डीडीरेस्क्यू या प्रोग्रामने आधी पूर्ण डिस्कची इमेज, म्हणजे जशीच्या तशी नक्कल, काढली: पहिल्या फेरीत चांगला भाग, अडलेले सेक्टर नंतर, कुठवर आलो त्याची नोंद मॅपफाइलमध्ये. डिस्क तापली की बंद करून गार होऊ द्यायची. यात चार दिवस गेले, फ्लॉप्यांत तीन. उरलेले दोन दिवस काम तयार होतं आणि आम्ही फोन केला नाही. त्याला काही उत्तर नाही, माफ करा.

त्या तीन फ्लॉप्यांचं पत्र्याचं शटर सरकवून पाहा, चकतीवर पांढुरक्या ठिपक्यांच्या खुणा दिसतील. ती बुरशी होती. ठाण्यातले वीसेक पावसाळे बंद कपाटात काढले की असं होतं. तशीच ड्राइव्हमध्ये घातली तर बुरशी हेडला (ड्राइव्हच्या वाचणाऱ्या भागाला) चिकटते आणि पुढच्या चांगल्या फ्लॉपीवरही ओरखडा पडतो, म्हणून त्या शेवटी घेतल्या, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून. दोन फ्लॉप्यांचा शून्य नंबरचा ट्रॅकच (चकतीवरचं पहिलं वर्तुळ) वाचला जात नाही, म्हणजे फाइलींची यादीच गेली. तिसरीचा चुंबकीय थर खरवडून निघालाय. या तिन्हींचे पैसे बिलात धरलेले नाहीत.

इमेज आमच्याकडे अजून आहे. तुमचा पेनड्राइव्ह घेऊन नौपाड्यातल्या दुकानात या, फॉन्ट लगेच देतो. इतिवृत्तं आणि सभासद यादी युनिकोड करायला चार दिवस लागतील, त्याचे पैसे घेणार नाही. तुमच्याकडून एकच हवं: नावांची एक जुनी छापील प्रत, ताडून बघायला. जुनी डिस्क तोवर कुठेही जोडू नका. सोमवारी दुकान बंद असतं.