मीठ पसरून डिकी वाळत नाही

जून लागला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आधी छत्र्या-रेनकोटच्या जाहिराती येतात आणि त्यांच्यापाठोपाठ तो मेसेज येतो. "गाडीत पाणी शिरलंय? गॅरेजवाल्याला पैसे देऊ नका. कार्पेट अजिबात काढू नका, कंपनीचं फिटिंग बिघडतं. वर किलोभर मीठ किंवा तांदूळ पसरा, सगळ्या काचा लावून गाडी दिवसभर उन्हात ठेवा. संध्याकाळी हात लावून बघा, कार्पेट खडखडीत! वास राहिलाच तर कापूर ठेवा. पुढे पाठवा, कुणाचे तरी पैसे वाचतील." खाली जोडलेले हात, तीनदा.

यातलं मी सगळं केलं आहे, मिठासकट. दोन वर्षांपूर्वी जुलैत डिकीतून बॅग उचलली तर तिचा तळ ओला. कार्पेट दाबलं तर बोटांभोवती पाणी आलं. मेसेज हाताशी होताच. चार दिवसांनी गाडीत बसल्या बसल्या मुलगी म्हणाली, "बाबा, ओल्या मोज्यांचा वास येतोय." मग स्टेपनीवरचा पुठ्ठा उचलला. खाली चार बोटं पाणी, त्यात जॅक बुडालेला, पान्यावर गंज आणि मिठाचा पांढरा राप. म्हणून हा प्रतिवाद थोडा चिडून लिहितो आहे, सांभाळून घ्या.

आधी मिठाचं बघू. पावसाळ्यात स्वयंपाकघरातल्या मिठाच्या बरणीचं काय होतं ते आपल्याला माहीत आहे. झाकण सैल राहिलं की मिठाला पाणी सुटतं, चमचा चिकटतो. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळायला लागतं. खडेमीठ तर त्याआधीच. मुंबई-ठाण्यात किंवा कोकणात जुलैमध्ये हवा ७५ टक्क्यांच्या खाली येते कधी? म्हणजे मीठ पाणी ओढतं हे खरं, पण ते कार्पेटमधलंच ओढेल असं नाही. बाहेरच्या हवेतलंही गाडीत आणून ठेवेल, आणि वर ते खारं करून पत्र्यावर सोडेल. समुद्राकाठच्या गाड्या लवकर का सडतात हे रत्नागिरीच्या कुठल्याही मेकॅनिकला विचारा. समुद्राला जे करायला काही वर्षं लागतात, त्याची सुरुवात आपण एका दुपारी स्वतःच्या हाताने करून देतो. कपाटात ठेवायचे ओल शोषणारे डबे मिळतात ना, त्यांतही बहुधा कॅल्शियम क्लोराइड म्हणजे एक प्रकारचं मीठच असतं. पण तिथे सुटलेलं पाणी डब्यातच राहतं. तो डबा डिकीत कलंडला तर पुन्हा तेच.

तांदळाबद्दल फार लिहीत नाही. कार्पेटमध्ये भिजलेला तांदूळ दुसऱ्या दिवशी आंबतो. इडलीला ठीक आहे.

आता काचा लावून उन्हात ठेवण्याचा सल्ला. हा सगळ्यांत पटणारा, म्हणून सगळ्यांत घातक. उन्हाने पाण्याची वाफ होते, बरोबर. पण बंद गाडीतून ती वाफ जाणार कुठे? हिशोब करून बघा. लहान गाडीच्या आत साधारण तीन घनमीटर हवा मावते. ४० अंशाला एक घनमीटर हवा जास्तीत जास्त पन्नासेक ग्रॅम वाफ धरते. म्हणजे अख्ख्या गाडीत दीडशे ग्रॅम, एक कप चहाइतकं पाणी. त्यापुढे बाष्पीभवन थंडावतं, कार्पेटमध्ये दोन लिटर पाणी असो की चार. रात्री गाडी २५ अंशांवर आली की हवेची ताकद निम्म्याहून खाली येते आणि निम्मा कप काचांवर, छताच्या कापडावर, सीटबेल्टवर उतरतो. सकाळी काचा आतून धुकट दिसतात त्या यामुळे. गाडी वाळत नाही, पाणी फक्त खालून वर आणि वरून खाली फिरत राहतं. बुरशीला लागते ती ऊब आणि ओल, आणि ती सोय आपण दार लावून करून दिलेली असते. ओल २४ ते ४८ तासांत हटली नाही तर बुरशी धरायला लागते, असा सर्वसाधारण ठोकताळा आहे.

ऊन पडलंच तर त्याचा उपयोग आहे, पण डिकी आणि चारही दारं उघडी ठेवून, वारा आरपार जाईल असा. एसीही कामाचा आहे, कारण तो हवेतलं पाणी थंड कॉइलवर गोळा करून गाडीखाली ठिबकवतो. मात्र त्याची हवा डिकीत, कार्पेटच्या खाली पोचत नाही. आणि बंद पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून तासभर गाडी वाळवत बसू नका. एक्झॉस्टमधल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

कार्पेट काढू नका, फिटिंग बिघडतं, हे निम्मं खरं आहे. पुढच्या पायांखालचं कार्पेट काढायचं तर सीट सोडवाव्या लागतात. सीटखालून एअरबॅगच्या वायरी जातात, त्यांचे कनेक्टर बहुतेक पिवळे असतात. तिथे घरी हात घालू नये, ते काम गॅरेजचंच. इलेक्ट्रिक किंवा हायब्रिड गाडीत नारिंगी केबल दिसली तर तिथेच थांबावं. पण डिकी ही वेगळी गोष्ट आहे. हॅचबॅकच्या डिकीत वरची मॅट नुसती ठेवलेली असते, तिच्याखाली स्टेपनीवरचा पुठ्ठा, आणि कडेची कार्पेटची पानं प्लास्टिकच्या क्लिपांवर. डिकीच्या तोंडाशी असलेली प्लास्टिकची पट्टी वर ओढली की निघते. स्क्रूड्रायव्हरऐवजी प्लास्टिकची पाती वापरा, नाहीतर रंगाला ओरखडे येतात. दर टप्प्याला मोबाइलवर फोटो काढून ठेवा. क्लिप तुटली तर स्पेअर पार्टच्या दुकानात मिळते. पत्रा सडला तर त्याचा काही असा सुटा पार्ट मिळत नाही.

काढायचं कशासाठी, तर वर दिसतं ते कार्पेट म्हणजे पॉलिस्टरचं पातळ कापड. ते पाणी फारसं धरत नाही. पाणी धरतो तो त्याच्या पाठीचा फोम, किंवा गॅरेजवाले ज्याला नमदा म्हणतात तो जाड थर. स्पंजच तो. वरून हात फिरवून कोरडं लागलं म्हणजे वरचं कापड वाळलं, बाकी काही नाही. माझी खात्री पटली ती वजनकाट्यामुळे. काढलेलं कार्पेट गॅलरीत दांडीवर टाकलं, पंखा लावला आणि रोज सकाळी ते हातात घेऊन वजनकाट्यावर उभा राहिलो. (बायकोने फोटो काढला, तो इथे देणार नाही.) दुसऱ्या दिवशी वरून कोरडं लागत होतं, तरी पुढचे तीन दिवस वजन उतरत राहिलं. लागोपाठ दोन दिवस तेवढंच भरलं तेव्हा वाळलं म्हटलं. वाळत घालण्याआधी वॉशिंग सेंटरवर पाणी ओढणाऱ्या व्हॅक्यूमने फोम ओढून घेतला तर निम्मं काम तिथेच होतं. पिळू नका, फोम फाटतो. हेअर ड्रायरही नको, पाठीचं अस्तर मऊ पडून आकार जातो. स्टेपनीच्या खड्ड्यात बहुतेक गाड्यांना खालून रबरी बूच असतं. ते काढून पाणी सोडा, पत्रा पुसा, वाळू द्या आणि बूच आठवणीने परत लावा.

कापूर, फिनाईल, सेंट यांनी वास झाकला जातो. ज्याचा वास येतो ते तिथेच राहतं.

मेसेजमध्ये आणखी एक गोम आहे. पाणी कुठलं, हे तो विचारतच नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, २०२१ च्या जुलैत चिपळूण बुडालं. अशा वेळी गाडीत शिरतं ते गटाराचं पाणी. तो फोम वाळवायचा नसतो, टाकायचा असतो. तेव्हा काहीही सोडवण्याआधी फोटो काढा, विमा कंपनीला कळवा आणि गाडी सुरू करून बघण्याचा मोह आवरा. इंजिनात पाणी गेलेलं असेल तर तो एक सेल्फ फार महाग पडतो.

पूर नसेल, नुसताच पाऊस असेल, तर ते पाणी कुठून तरी गळतं आहे आणि ते भोक बुजवल्याशिवाय वाळवलेलं पुढच्या सरीत पुन्हा भिजणार. डिकीत मुख्य संशयित ठरलेले: दाराचं रबरी बीडिंग, टेल लॅम्पमागची गॅस्केट, छतावरच्या अँटेनाचं बूड, मागच्या वायपरची पाण्याची नळी. बीडिंगमध्ये कागदाची पट्टी धरून डिकी लावा आणि पट्टी ओढा. सहज निघाली तर तिथे रबर बसलेलं नाही. तेवढ्याने कळलं नाही तर मागची सीट पाडून एकाने टॉर्च घेऊन आत बसावं आणि दुसऱ्याने बाहेरून पाइपने हळूहळू, खालून वर पाणी मारावं. वरून सुरुवात केली तर सगळंच ओलं होतं आणि भोक कळत नाही.

माझ्याकडे मुलगी आत बसली होती. तिला डाव्या टेल लॅम्पखालून उतरणारी पाण्याची रेघ दिसली. गॅस्केट बदलली, स्टेपनीच्या खड्ड्यात वर्तमानपत्राचं एक पान पसरून ठेवलं आणि पावसात आठवडाभर गाडी चालवली. पान कोरडं निघालं, त्यातलं शब्दकोडंसुद्धा वाचता येत होतं. सगळं परत बसवल्यावर एक क्लिप तेवढी उरली. ती कुठली, हे अजून सापडलेलं नाही.