‘साइनफेल्ड’ची धून: ‘बास गिटारच आहे’ या प्रतिक्रियेला उत्तर

कोथरूडहून लिहिणाऱ्या वाचकांस,

‘साइनफेल्ड’ या अमेरिकी विनोदी टीव्ही मालिकेच्या धुनेतला बास की-बोर्डवर वाजवलाय, असं मी लेखात लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया आधी देतो, नाहीतर सोयीचं तेवढं उचललं असं व्हायचं. ‘ही धून बास गिटारवरचीच आहे, लहान मूलही सांगेल. वाद्य ओळखता येत नसेल तर संगीतावर लिहू नये. मालिका १९९० ची नाही, १९८९ ची. लेख उगाच लांबलाय.’

तारखेचं मान्य. पहिला भाग ५ जुलै १९८९ ला लागला. दुरुस्ती केली आहे. त्या भागाला मुळात जेप एपस्टाइन यांचं संगीत होतं, जोनाथन वुल्फ यांची धून नंतर आली.

पण ‘लहान मूलही सांगेल’ ही काय बोलायची रीत झाली? चूक दाखवा, शंभरदा दाखवा. लिहू नये, हे सांगणारे तुम्ही कोण? सदाशिव पेठेत बावीस वर्षं की-बोर्ड शिकवतोय मी. स्लॅप बास, म्हणजे अंगठ्याने तार ठोकून वाजवलेला बास, कशाला म्हणतात ते मला माहीत आहे.

वुल्फ यांनी तो बास कोर्ग एम-१ या की-बोर्डवर वाजवला. त्यात खऱ्या बासचे स्वर मुद्रित करून भरलेले असतात, म्हणून तुम्हाला तार ऐकू येते. जोडीला तोंडाने काढलेले ‘पॉप’ आणि चुटक्या. हेडफोन लावून ऐका. खऱ्या तारेवर अंगठ्याचा ठोका दर वेळी थोडा वेगळा पडतो, बोटं सरकल्याची घसट येते. भरलेला स्वर लहान-मोठा होईल, पण सुरुवातीचा ‘टक्’ त्याच पोताचा राहतो.

आणि हे सगळं कशासाठी, तर मालिकेचा नायक, विनोदवीर जेरी साइनफेल्डच्या स्टँडअपसाठी. त्याचा आवाज हीच मुख्य चाल धरून वुल्फ यांनी बाकीचं बांधलं. वेग मिनिटाला साधारण ११० मात्रा, म्हणजे चार मात्रांना जेमतेम सव्वादोन सेकंद. दर भागात विनोद वेगळे, त्यांची लांबी वेगळी. एकच तयार मुद्रण लावलं तर बास नेमका वाक्याच्या शेवटावर आदळतो आणि हशा मरतो. म्हणून दर भागासाठी तुकडे नव्याने जुळवायचे: तो थांबला की बास पुढे, बोलू लागला की मागे.

लांबीबद्दल वाद घालत नाही. चुका दिसल्या तर जरूर कळवा, फक्त ‘लिहू नये’ एवढं सोडून.