हुकूम कोणाचा, हे विचारायचं नसतं

मे 2025 च्या ‘ऑपरेशन सिंदूर’पासून ड्रोनवर मत नसलेला माणूस साताऱ्यात सापडणं अवघड. तुम्हीच मागे का राहता? पोवई नाक्यावर चहा सांगा आणि कप हातात येण्याआधी ‘हारोप’ असं मोठ्यानं म्हणा. कोणी विचारलंच, तर सांगा: हे इस्रायली ड्रोन, ना धड क्षेपणास्त्र, ना धड विमान. सावज दिसेपर्यंत आभाळात घिरट्या घालायच्या आणि दिसलं की स्वतःसकट त्याच्यावर कोसळायचं.

इतिहास सांगताना जरा जपून. यंत्र वर्षागणिक जास्त स्वायत्त होत गेलं, असं ठोकून द्यायचं. खरी गोष्ट गैरसोयीची आहे. इस्रायलची ‘हार्पी’ 1980 च्या दशकातली. शत्रूच्या रडारच्या लहरी हुंगत फिरायची, रडार सुरू झालं की थेट झेप. एकदा सोडली की माणसाला विचारायचं काम नाही. कॅमेरा, पडद्यासमोर बसलेला माणूस आणि ऐनवेळी ‘नको, थांब’ म्हणायची सोय नंतरच्या ‘हारोप’मध्ये आली. म्हणजे माणूस मागाहून आत घेतला, आणि आता तोच अडचण झालाय म्हणून पुन्हा बाहेर काढायचं चाललंय. हे चहासोबत सांगू नका. रडारला बायकापोरं नसतात म्हणा आणि पुढे चला. (रडार चालवणाऱ्याला असतात, पण तो तपशील झाला.)

आर्मेनियाविरुद्धच्या 2020 च्या काराबाख युद्धात अझरबैजाननं असल्या हल्ल्यांची चित्रफीत राजधानी बाकूच्या रस्त्यांवर मोठ्या पडद्यांवर दाखवली. चित्रफितीत आवाज नसतो, हा तिचा मोठा गुण. रशियाकडून युक्रेनवर येणाऱ्या इराणी ‘शाहेद’ ड्रोनला आवाज आहे, तिथले लोक तिला मोपेडच म्हणतात. ती घिरट्या फारशा घालत नाही, ठरवून दिलेल्या जागी जाऊन आदळते. पण तुम्ही सगळ्यांना एकाच माळेत ओवा.

नागपुरात बनणाऱ्या, याच जातीच्या ‘नागास्त्र-1’बद्दल छाती फुगवूनच बोला. फक्त, सावज सापडलं नाही तर ते पॅराशूटनं परत उतरवता येतं, हे गाळा. परत फिरणारं शस्त्र ऐकलं की श्रोत्यांचा उत्साह ओसरतो.

जबाबदारीचा विषय निघालाच, तर लिबियाकडे वळवा. ‘कारगू-2’ या तुर्की ड्रोननं तिथे 2020 मध्ये माघार घेणाऱ्या सैनिकांचा माणसाच्या हुकुमाविना माग काढला असावा, असं संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी 2021 च्या अहवालात सूचित केलं. बनवणारे म्हणाले, बटण माणूसच दाबतो. कोणता माणूस, ते विचारणं असभ्यपणाचं. डिसेंबर 2023 मध्ये अशा स्वायत्त शस्त्रांवरचा ठराव संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत 152 विरुद्ध 4 असा मंजूर झाला. त्या चारांत आपण होतो. आपलं म्हणणं, चर्चा जिनिव्हातल्या शस्त्र-कराराच्या बैठकांतच व्हावी. तिथे ती 2014 पासून घिरट्या घालते आहे आणि इंधन अजून संपलेलं नाही.

पथ्य एकच. अपशिंगे मिलिटरीत हा विषय काढू नका. पहिल्या महायुद्धात 46 जणांनी जीव दिलेलं गाव ते. पारावरचा एखादा निवृत्त सुभेदार सगळं शांतपणे ऐकून घेईल आणि विचारेल, “फायरचा हुकूम कुणी दिला?” अल्गोरिदमनं, असं सांगितलंत, तर त्याचा रँक आणि युनिट विचारेल. साताऱ्याची परतीची एसटी किती वाजता आहे, ते आधीच बघून ठेवा.