फाट्यावर उतरणाऱ्यांसाठी

लंडनला मुलाकडे जाऊन आलेला खान्देशी माणूस दोन गोष्टी न विचारता सांगतो. एक, तिकडच्या वांग्यांचं भरीत होत नाही. दोन, तिकडे एक लाल बस असते, वरून उघडी, तिचं एकदा तिकीट काढलं की दिवसभर कुठेही चढा, कुठेही उतरा. 'हॉप-ऑन हॉप-ऑफ' म्हणतात तिला, असं तो सांगतो आणि 'हॉप'वर जरा उडीही मारून दाखवतो.

लाल बस, कुठेही चढा, कुठेही उतरा. हे तो सांगतोय कुणाला? ज्या राज्यात 1988पासून 'आवडेल तेथे कोठेही प्रवास' नावाचा पास मिळतो, तिथल्या माणसाला! चार दिवसांचा घ्या, नाहीतर सात दिवसांचा. फरक एवढाच, की तिकडची बस माणसाला प्रेक्षणीय स्थळासमोर उतरवते आणि आपली फाट्यावर.

फाटा म्हणजे काय हे बाहेरच्या माणसाला समजावणं अवघड. एक कडुलिंब, एक पाटी, एक पानटपरी आणि गावाकडे गेलेला, गाव मात्र न दाखवणारा रस्ता. खान्देशातली बघण्यासारखी बरीच ठिकाणं अशाच कुठल्यातरी रस्त्याच्या टोकाला आहेत. पद्मालयाचा गणपती एरंडोलपासून दहाएक किलोमीटर आत. उजव्या आणि डाव्या सोंडेच्या दोन मूर्ती एकाच गाभाऱ्यात, बाहेर कमळांचं तळं. पाटणादेवी चाळीसगावहून 18 किलोमीटर, गौताळा अभयारण्याच्या कुशीत. फरकांड्याचे झुलते मनोरे कासोद्याजवळ. महामार्गावरून धावणारी गाडी यांतलं एकही खिडकीतून दाखवत नाही. म्हणून चढायचं कसं हा प्रश्नच नाही, ते आपल्याला आईच्या कडेवर असल्यापासून येतं. उतरल्यावर परत कशात चढायचं, एवढाच अभ्यास करायचा असतो.

आधी पासाचा हिशोब. एसटीचं भाडं टप्प्यावर चालतं आणि टप्पा सहा किलोमीटरचा. मध्ये उतरलात की तिकीट संपलं. पुन्हा चढलात की नवा टप्पा, आणि अर्धाच वापरला तरी पैसे पूर्ण टप्प्याचे. दिवसात पाचसहा वेळा चढ-उतार करणाऱ्याला हे अर्धेमुर्धे टप्पेच खातात. पास घ्यायचा तो यासाठी. एकाच गावी जाऊन बहिणीकडे चार दिवस झोपणार असाल तर घेऊ नका.

पासाचा दिवस रात्री बारापासून रात्री बारापर्यंत मोजतात. दुपारी चारला आगारात जाऊन आजच्याच तारखेचा पास मागणारा माणूस पहिला दिवस तिथल्या तिथे दान करतो. उद्याची तारीख मागा. परदेशातल्या लाल बसचं याच्या उलट असतं. तिथे 24 तासांचं तिकीट बहुतेक वेळा पहिल्यांदा चढल्यापासून मोजतात, म्हणून दुपारी सुरू केलं तर दुसऱ्या दिवशीची सकाळही त्याच तिकिटात मिळते. पण काही कंपन्या 'एक दिवस' लिहितात आणि संध्याकाळी सहाला दिवस मावळला असं जाहीर करतात. 'चोवीस तास' आणि 'एक दिवस' या दोन शब्दांमधला फरक तिकीट काढण्याआधी कळला तर बरं असतं.

घरात बायका आणि म्हातारी माणसं असतील तर हिशोब पुन्हा करा. 17 मार्च 2023पासून महिलांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे त्यांना पास परवडेलच असं नाही. आणि 75 पूर्ण झालेल्यांना 26 ऑगस्ट 2022पासून राज्यात प्रवासच मोफत. आधार कार्ड दाखवलं की झालं. खान्देशातला खरा 'हॉप-ऑन हॉप-ऑफ' प्रवासी म्हणजे धोतराच्या सोग्यात आधार कार्ड बांधलेले आजोबा. ते अमळनेरला मंगळग्रहाच्या देवळात जातात, तिथून धुळ्याला भाच्याकडे चहाला आणि रात्री भाकरी खायला घरी. त्यांना मार्गदर्शनाची गरज नाही. आपणच त्यांच्यामागून चालावं.

आता पाटी. समोरच्या पाटीवरचं मोठ्या अक्षरातलं गाव फारसं महत्त्वाचं नसतं, खाली बारीक अक्षरात लिहिलेलं 'मार्गे' वाचायचं. जळगावहून चोपड्याला धानोरा-अडावदवरूनही जाता येतं आणि धरणगाववरूनही. दोन्ही गाड्या चोपड्यालाच पोचवतील. पण उनपदेवच्या गरम पाण्याच्या कुंडाकडे जायचं असेल तर अडावदच गाठायला हवं. धरणगाववरून गेलात तर चोपड्याला उतरून उलटं या. आणि नुसतं 'उनपदेव' म्हणू नका, शहादा तालुक्यातही एक उनपदेव आहे, तिथलंही पाणी गरमच. दोन्ही सातपुड्याच्या पायथ्याशी. मधलं अंतर मात्र अख्खा दिवस खाईल एवढं.

नावाच्या घोळात सगळ्यात जास्त माणसं फसतात ती अजिंठ्याला. लेणी जळगाव जिल्ह्याबाहेर असली तरी जळगावहून साठेक किलोमीटर, त्यामुळे खान्देशी माणूस ती आपलीच धरतो. कंडक्टरकडे 'एक अजिंठा' मागितलं की तो प्रामाणिकपणे अजिंठ्याचं तिकीट देतो. अजिंठा हे गाव आहे, घाट चढून वर. लेणी अलीकडे, घाटाच्या खाली. मागायचं असतं 'फर्दापूर, टी पॉइंट'. तिथे उतरून शेवटचे चार किलोमीटर वेगळ्या बसने जावं लागतं, खासगी गाड्या पुढे सोडत नाहीत. ही टी पॉइंट ते लेणी बस म्हणजे आपल्याकडची त्यातल्या त्यात जातिवंत चढ-उतार बस. भरली की सुटते, दिवसभर तेवढंच करते. सोमवारी लेणी बंद, आणि वेरूळ मंगळवारी बंद. या दोन वारांची अदलाबदल करून आलेलं एक तरी कुटुंब टी पॉइंटला डबा उघडून बसलेलं दिसतं. त्यांना काही विचारू नये.

गाडीचा प्रकारही बघावा. जलद गाडी फाट्यावर थांबेलच असं नाही, साधी थांबते. 'हात दाखवा, गाडी थांबवा' हे एसटीनेच लोकांना शिकवलं आणि लोकांनी ते इतकं मनावर घेतलं, की काही जण फाट्यापर्यंत जायचेही कष्ट घेत नाहीत, शेताच्या बांधावरूनच हात करतात. उतरायचं असेल तर एक स्टॉप आधी उठून दाराशी जावं. घंटीची भाषा सोपी आहे. एक ठोका म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. दोरी कंडक्टरची, आपण ओढायची नाही. उत्साही पर्यटक एकदा ओढतो, भीतीने हात परत बसतो आणि ते दोन ठोके होतात.

जागा धरण्याच्या बाबतीत मात्र लंडनने आपल्याकडे शिकायला यावं. तिथे वरच्या मजल्यावरच्या पहिल्या रांगेसाठी लोक मुकाट्याने रांग लावतात. इथे गाडी फलाटाला लागायच्या आत खिडकीतून रुमाल आत जातो. रुमाल नसेल तर टोपी. पिशवी टाकू नका, ती पलीकडच्या खिडकीतून उतरू शकते. रुमालाची जागा वादातीत मानतात, फक्त दोन रुमाल एकाच जागेवर पडले तर वरचा कुणाचा आणि खालचा कुणाचा यावर अजिंठ्याच्या वाटेवरचं पहूर येईपर्यंत चर्चा चालते.

तिकडच्या बसमध्ये कानाला लावायची नळकांडी देतात. भाषेचा आकडा दाबायचा की माहिती सुरू. बस वाहतुकीत अडकली की माहिती संपते आणि वाजंत्री लागते, कारण पुढचं स्थळ आल्याशिवाय यंत्र पुढचं वाक्य बोलत नाही. आपल्याकडे ही सेवा शेजारच्या प्रवाशाकडे असते आणि ती मुळीच अडकत नाही. ही केळी कुणाची, त्याच्या भावाने विहीर कुठे खोदली, तिला पाणी का लागलं नाही, कापसाला काय भाव गेला, हे सगळं गावागावांप्रमाणे बदलत जातं. अमळनेर-धुळ्याकडे अहिराणीत, म्हणजे खान्देशी बोलीत, यावल-रावेरकडे वेगळ्या हेलात. बंद करायची कळ नाही.

परदेशी माहितीपत्रकात लिहिलेलं असतं 'दर वीस मिनिटांनी बस'. तरी थांब्यावर चाळीस मिनिटं काही येत नाही आणि मग दोन एकदम येतात. याला कुणाचा नाकर्तेपणा लागत नाही. पहिली बस थोडी उशिरा झाली की थांब्यावर माणसं साचतात, ती चढायला वेळ लागतो, बस आणखी मागे पडते. मागच्या बसला माणसंच उरत नाहीत, ती भराभर पुढे येते आणि पहिलीला गाठते. म्हणून दोन आल्या तर मागची धरा, रिकामी असते. हे शास्त्र जळगाव-भुसावळ रस्त्यावरही लागू आहे आणि आपल्या लोकांना ते अजिबात पटत नाही. मागची गाडी येईलच याची हमी कोण देणार? म्हणून सगळे पहिलीलाच लोंबकळतात आणि मागची गाडी पंख्यासारखी हवा घेत रिकामी जाते.

फाट्यावरचं वेळापत्रक वेगळ्या व्याकरणाचं. टपरीवाल्याला अहिराणीत विचारा, गाडी कव्हय शे, म्हणजे कधी आहे? तो म्हणतो, "आते येई." याचा अर्थ पाच मिनिटं ते पाऊण तास. "येवामा शे", म्हणजे येतेच आहे, म्हणाला तर अजून तिच्या धुरळ्याचाही पत्ता नाही, पण तुम्ही निराश होऊ नये अशी त्याची इच्छा आहे. "ती ते गयी ना भो", ती तर गेली, हे एकच उत्तर तंतोतंत खरं असतं. यावर उपाय एकच. बसमधून उतरतानाच त्याच कंडक्टरला विचारायचं, 'तुम्ही परत किती वाजता?' जी गाडी आत गेली ती बाहेर येणारच.

येणारच, पण कधी? इथे एक शब्द पाठ करा, मुक्कामी. संध्याकाळची शेवटची गाडी गावात जाते, ड्रायव्हर-कंडक्टर तिथेच झोपतात आणि पहाटे तीच गाडी पहिली म्हणून निघते. सूर्यास्त बघू म्हणून संध्याकाळच्या गाडीने आत गेलेला पर्यटक परतीची वेळ विचारतो, तेव्हा कंडक्टर गाडीतून अंथरुणाची वळकटी काढत असतो. तेव्हा आत जायची गाडी दुपारच्या आधीची धरा. शाळा सुटायची वेळ टाळा, त्या तासाला गाडीत पासधारक विद्यार्थी आणि त्यांची दप्तरं सोडून हवासुद्धा मावत नाही. आणि बाजाराचा वार विचारून घ्या. त्या दिवशी गाड्या भरगच्च असतात, पण काळी-पिवळी आणि रिक्षा मुबलक मिळतात, म्हणजे परतीची चिंता कमी. सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या सुमारास घोड्यांचा बाजार भरतो तेव्हा तर बस शोधावी लागत नाही, रस्ता शोधावा लागतो.

जेवणाचं एवढंच, शेवभाजी घाटाच्या आधी नको. तर्री खाली बसायला दोन तास लागतात आणि वळणं तेवढा वेळ देत नाहीत. भरीत-कळण्याची भाकरी थंडीत खा आणि त्यानंतर कुठे उतरायचं ठेवू नका, कारण उठवणार कोण?

एका ठिकाणी मात्र फाट्याची भानगड नाही. चाळीसगावला रेल्वे स्टेशनजवळच केकी मूस यांचं कलादालन आहे. हा छायाचित्रकार आयुष्यातली कितीतरी दशकं घराबाहेर जवळजवळ पडलाच नाही. घरातल्या घरात, टेबलावरच्या वस्तू मांडून त्याने डोंगर, बर्फ, समुद्र असे देखावे टिपले. 1989 साली, वर्षाच्या शेवटच्या दिवशी तो गेला. सात दिवसांचा पास खिशात घालून, पाठीला बॅग आणि डोक्याला रुमाल लावून तिथे उभं राहिलं की जरा ओशाळल्यासारखं होतं.

राहता राहिला लंडनहून आलेल्यांचा लाडका प्रस्ताव. जळगावातही वरून उघडी बस सुरू करावी! मेहरूण तलाव, गांधी तीर्थ, सराफ बाजार, असा फेरा. कल्पना चांगली आहे, पण मे महिना बघून ठेवा. जळगाव साधारण 21 अंश अक्षांशावर आहे, म्हणून 25 मेच्या आसपास भर दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो आणि उभ्या माणसाची सावली पायाखाली नाहीशी होते. एरवी पश्चिमेकडे धुळ्याला जाताना डावीकडची खिडकी उन्हाची, उजवीकडची सावलीची, हा नियम हिवाळ्यात चोख चालतो. मेमध्ये दोन्ही खिडक्या सारख्याच. माणशी दोन लिटर पाणी हे किमान, आणि लोखंडी दांड्याला उघड्या हाताने धरायचं नाही.

अशा उन्हात वरच्या मजल्यावर पर्यटक बसणार नाहीत. पण तो रिकामाही राहणार नाही. पहिल्या दिवशी कुणीतरी काकू सुती पातळाची घडी घेऊन जिना चढतील, मागून दुसऱ्या चढतील आणि गांधी तीर्थ येईस्तोवर वरचा सगळा मजला ज्वारीच्या बिबड्यांनी, म्हणजे वाळत घातलेल्या पापडांनी, भरलेला असेल. कंडक्टरने तिकीट मागितलं तर त्या अर्धंच देतील, ते त्यांच्या हक्काचं. आणि बिबडे एका बाजूने सुकून उलटल्याशिवाय दोन घंट्या मारायची कंडक्टरची छाती होणार नाही.