चमच्याचं गोत्र

बॉस्टनजवळच्या आमच्या गावात शनिवारी सकाळी लोक गॅरेजसमोर टेबलं मांडून घरातली अडगळ विकतात. तिकडे भंगारवाला आपल्या दारात येतो, इथे आपण भंगाराच्या दारात जातो. अशाच एका टेबलावरून मी चार डॉलरला एक काळपट चमचा उचलला. दांड्याच्या मागे लिहिलं होतं : ‘1847 रॉजर्स ब्रदर्स’.

1847! सातारचं राज्य खालसा व्हायला अजून वर्ष होतं. मी तो चमचा रुमालात गुंडाळून कपाटात ठेवला आणि आल्यागेल्याला दोन्ही हातांनी दाखवू लागलो. आठ दिवसांनी ग्रंथालयातल्या एका जाडजूड पुस्तकाने माझी विकेट काढली. हार्टफर्डच्या रॉजर्स बंधूंनी चांदीचा मुलामा द्यायचं काम 1847 साली सुरू केलं आणि ते साल पुढे मालाच्या नावातच जाऊन बसलं. विसाव्या शतकातल्या चमच्यांवरही तेच साल. आपल्याकडच्या दुकानाच्या पाटीवरचं ‘स्थापना’ वाचून आतली जिलबी तेव्हाची समजण्यातला प्रकार.

पण खाज सुटली ती सुटलीच. पुढच्या महिन्यात तीस डॉलर मोजून दुसरा चमचा आणला. याच्या मागे साल नव्हतं. तीन इवलेसे ठसे होते, त्यांच्या शेजारी झिजलेलं एक नाव. ठसे तांदळाच्या दाण्याएवढे. भिंग लावलं, मोबाइलचा दिवा तिरका धरला, शेवटी चष्म्यावर करतो तसं ‘हाः’ करून वाफ सोडली, तेव्हा कुठे आकृत्या उमटल्या. एक बोका, एक गळ आणि जुन्या वळणाचं इंग्रजी ‘जी’.

बोका म्हणजे सिंह आणि गळ म्हणजे जहाजाचा नांगर, हे कळायला दोन रात्री गेल्या. मग मात्र मी उडालोच. चालता सिंह हा इंग्लंडचा अस्सल चांदीचा शिक्का, नांगर बर्मिंगहॅमचा आणि अक्षर वर्षाचं. ‘चमचा विलायती आहे,’ असं मी नातेवाइकांच्या ग्रुपवर जाहीर केलं. काकांनी नमस्काराचे हात पाठवले.

विलायत निघाली तासाभराच्या अंतरावर. इंग्लंडात चांदी तपासून तिच्यावर अधिकृत ठसे मारायची शतकांची रीत. अमेरिकेत देशभरासाठी तशी सोय नव्हती. बाल्टिमोरने 1814 ते 1830 हौस भागवून घेतली, बाकी कारागीर आपापलं नाव ठोकून मोकळे. पण गिऱ्हाइकाला विलायती थाट आवडे. तेव्हा जेबेझ गोरहॅम यांनी 1831 साली ऱ्होड आयलंडच्या प्रॉव्हिडन्समध्ये सुरू केलेल्या कारखान्याचे ठसे ठरले सिंह, नांगर आणि ‘जी’. नांगर हे त्या राज्याचं चिन्ह, ‘जी’ गोरहॅमचा. सिंह मात्र ऱ्होड आयलंडच्या कुठल्या जंगलातला, ते पुस्तकात नव्हतं.

चमच्यावर ‘स्टर्लिंग’ हा शब्द नव्हता. गोरहॅमने 1868 साली स्टर्लिंगचं, म्हणजे हजारात 925 भाग चांदीचं प्रमाण धरलं. त्याआधी नाण्याच्या कसाची, हजारात 900 भागांची चांदी चाले. म्हणजे माझा चमचा बहुधा 1868 च्या आधीचा. ग्रुपवर दुरुस्ती टाकली. ती कुणी वाचली नाही.

राहिलं ते झिजलेलं नाव. या नावाचा कारागीर कुठल्याच यादीत सापडेना. तीन आठवडे मी जेवताना भिंग घेऊन बसत होतो. तेवढ्यात पुण्याहून आई आली. तिने चमचा ओट्यावर आपटून आवाज ऐकला, हातात तोलला, उलटा केला.

“हे दुकानदाराचं नाव असणार,” ती म्हणाली. “घडवणारा ठसा मारतो, विकणारा नाव घालतो. आणि पुढे ही तीन अक्षरं आहेत ना नक्षीत, ती मुलीची. आहेर आहे हा.”

पुस्तक उघडलं. चमचे घाऊक घेऊन त्यांवर आपलं नाव उमटवून विकणारे जवाहिरे त्या काळी गावोगाव होते. लग्नाच्या चांदीवर मुलीची माहेरची आद्याक्षरंही कोरत. मी आईकडे बघतच राहिलो.

“तुला कसं कळलं?”

“चाळीस वर्षं भांडी उलटी करून बघतेय मी. आपल्या वास्तुशांतीला कुणाचा डबा आला आणि कुणी आलेलाच पुढे सरकवला, सगळं बुडाला लिहिलेलं असतं.”

दुसऱ्या दिवशी चमचा श्रीखंडाच्या वाटीत उभा होता. टूथपावडरने घासलेला, लखलखीत. दीडशे वर्षांचा काळपटपणा सिंकमधून वाहून गेला होता. मी कपाळाला हात लावून तो उलटा केला. सिंह जागेवर होता, पण आता उंदरासारखा दिसत होता.

“इथे नाव घालायचं मशीन कुठे मिळतं रे?” आईने विचारलं. “त्या नांगराच्या बाजूला अजून जागा आहे.”